बहिणीला सासरी मारहाण होते, पण तिला घर सोडायचं नाही. मदत कुठे मागायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझी मोठी बहीण सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात दिली आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली. मुलगी चौथीत, मुलगा अंगणवाडीत. दाजी दारू पिऊन मारतात, दोन वेळा गळाही दाबला. आईवडील म्हणतात, सांभाळून घे. ताईला पोलीस केस नको, फारकत नको, फक्त मार थांबायला हवा. मी पिंपरीत नोकरीला आहे. 181 वर फोन केला तर लगेच पोलीस घरी येतात का? आधी कुठे जायचं?"

दादा, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट अर्ध्या ओळीत येऊन गेली आहे, आधी तिच्यावर बोलू. दोन वेळा गळा दाबला. कौटुंबिक हिंसाचारात काम करणारे आम्ही सगळे या एका खुणेला सर्वांत जास्त घाबरतो. ज्या घरात गळ्याला हात लागतो, त्या घरात पुढे जीव जाण्याचा धोका इतर मारहाणीपेक्षा कितीतरी जास्त असतो. शिवाय बाहेरून वळ दिसत नसला तरी आत इजा झालेली असू शकते. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, चक्कर, त्या वेळी नकळत लघवी होणं, यातलं काहीही झालं असेल किंवा पुन्हा झालं, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना. सूज काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही वाढते. ताईला हे शांतपणे सांगा. घाबरवण्यासाठी सांगू नका, पण सांगाच. रॉकेल, गॅस, विळा यांची धमकी, सतत संशय, "मी मरेन आणि तुलाही मारेन" अशी भाषा, गरोदरपणातली मारहाण, हेही त्याच पातळीचे इशारे आहेत.

म्हणून मारहाण चालू असेल त्या क्षणी फोन एकच, 112. तिथून पोलीस येतात. हा फोन ताईनेच करायला हवा असं नाही; शेजारीण करू शकते, पिंपरीतून तुम्ही करू शकता, गावाचं नाव आणि घराची खूण सांगून. मुलगी चौथीत आहे म्हणजे तिला 112 आणि मुलांसाठीचा 1098 हे दोन्ही आकडे पाठ होतील. तुमच्यात आणि ताईत एक साधं वाक्य ठरवून ठेवा, "दळण आणलंस का" असलं काहीतरी. ते फोनवर ऐकू आलं की तुम्ही 112 लावायचा, पुढे काही विचारायचं नाही.

181 वेगळा आहे. ती महिला हेल्पलाइन आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत. फोन उचलणारी व्यक्ती ऐकून घेते, जवळची मदत कुठे आहे ते सांगते आणि जिवाला धोका वाटला तर पोलिसांशी जोडून देते. नुसती माहिती विचारली म्हणून दारात गाडी येत नाही. भाऊ म्हणून तुम्हीही तिथे फोन करून सगळं विचारू शकता.

आता मुख्य मुद्दा. लोकांच्या मनात दोनच वाटा असतात: पोलीस केस नाहीतर गप्प नांदणं. या दोन्हींच्या मधे एक मोठी वाट आहे आणि ताईला जे हवं आहे ते नेमकं तिथेच मिळतं. 2005 साली कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा झाला, 26 ऑक्टोबर 2006 पासून तो लागू आहे. या कायद्याखाली बाई न्यायालयाला सांगते की मला नवऱ्याला तुरुंगात पाठवायचं नाही, मला घटस्फोट नको, पण याने मला हात लावू नये, मला घरातून काढू नये, घरखर्च द्यावा, असा हुकूम द्या. मारहाणीबरोबर शिवीगाळ, लैंगिक जबरदस्ती, पैसे अडवून ठेवणं, स्त्रीधन काढून घेणं, हे सगळं यात हिंसाच धरलेलं आहे. "पोलीस नको, फारकत नको, मार थांबायला हवा" हे ताईचं म्हणणं भाबडं नाही. ते कायद्याच्या चौकटीत पूर्ण बसणारं आहे, आणि हे तिला कुणीतरी स्वच्छ शब्दांत सांगणं गरजेचं आहे.

या वाटेवरचा पहिला माणूस म्हणजे संरक्षण अधिकारी. हे महिला व बालविकास विभागाचे सरकारी अधिकारी असतात. सोलापूरच्या जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयाला फोन करा आणि ताईच्या तालुक्याचं काम कोण पाहतं ते नावानिशी विचारून घ्या. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर हे अधिकारी नेमण्याचा आदेश दिला आहे, त्यामुळे "आमच्याकडे असं कुणी नसतं" हे उत्तर मान्य करू नका. संरक्षण अधिकाऱ्याकडे माहिती कुणीही देऊ शकतं, आणि चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे.

ते ताईचं म्हणणं ऐकून एक अहवाल लिहितात. कौटुंबिक घटना अहवाल, सगळे त्याला डीआयआर म्हणतात. कधी, कुठे, कशाने मारलं, मुलं समोर होती का, कोणतं सामान काढून घेतलं, असं तारखेवार. त्याची प्रत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते, पोलीस ठाण्यालाही जाते. ही गोष्ट ताईपासून लपवू नका, नाहीतर पुढे तिला फसवल्यासारखं वाटेल. पण डीआयआर म्हणजे गुन्हा नोंदवणं नव्हे. संरक्षणाचा अर्ज तिची इच्छा असेल तेव्हाच होतो. डीआयआरची एक प्रत तिला फुकट मिळते. ती प्रत घरात न ठेवता तुमच्याकडे राहू द्या.

डीआयआरलाही तिची तयारी नसेल, तरी नुसतं बोलण्यासाठी जागा आहेत. महाराष्ट्रात याची मोठी परंपरा आहे. 1984 साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया आणि मुलांसाठी स्पेशल सेल सुरू केला: पोलिसांच्या आवारात बसणाऱ्या, पण पोलीस नसलेल्या, प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या. ही पद्धत पुढे राज्यभर पसरली. बऱ्याच शहरांत पोलिसांचा भरोसा सेल किंवा महिला सहाय्य कक्षही असतो. तिथे जाताना एकच गोष्ट आधी विचारा: समोर बसलेली व्यक्ती समुपदेशक आहे की पोलीस कर्मचारी? दोघांचीही मदत होते, पण काम वेगळं आहे, आणि स्पेशल सेलची समुपदेशक तिच्या मर्जीशिवाय पुढचं पाऊल टाकत नाही.

दुसरी जागा सखी वन स्टॉप सेंटर. 2015 पासूनची केंद्र सरकारची योजना आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्र असतं. समुपदेशन, दवाखाना, वकील, पोलीस आणि पाच दिवसांपर्यंत राहायची सोय एकाच ठिकाणी. रात्री अकराला दोन मुलं घेऊन निघालेल्या बाईसाठी हे पाच दिवस फार मोलाचे असतात. त्यापुढे राहायचं झालं तर शक्ती सदन किंवा शासकीय महिला वसतिगृह आहे, तिथे पाठवण्याचं कामही हेच केंद्र किंवा संरक्षण अधिकारी करतात. मुलगा सोबत असेल तर किती वयापर्यंत आईबरोबर ठेवून घेतात ते आधीच विचारा. ऐन वेळी यावर अडून बसलेलं मी पाहिलं आहे.

तिसरी जागा लोकांच्या लक्षातच येत नाही: दवाखाना. मुंबईत वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात 2000 साली 'दिलासा' केंद्र सुरू झालं, महापालिका आणि सेहत संस्थेने मिळून. त्यामागचा विचार साधा होता: मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्यात जाणार नाही, पण टाके घालायला दवाखान्यात येते. पुढे ही केंद्रं मुंबईतल्या इतर रुग्णालयांतही निघाली. ताईच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात तसं केंद्र नसलं तरी केस पेपर असतोच, आणि तो अतिशय महत्त्वाचा आहे. आमच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीच्या जुन्या केस पेपरवर लिहिलेलं असतं, "पाय घसरून पडली". नवरा शेजारी उभा असतो, ती दुसरं काय सांगणार? म्हणून तिला सांगा, डॉक्टरांना एकटीला भेट, कुणी मारलं आणि कशाने, हे तिच्याच शब्दांत लिहून घ्यायला सांग. आधी डीआयआर किंवा तक्रार आणा मग तपासतो, असं दवाखान्याला म्हणता येत नाही. या कायद्याच्या नियमांत तशी स्पष्ट तरतूद आहे. एमएलसी, म्हणजे मारहाणीची कायदेशीर वैद्यकीय नोंद, केली तर पोलिसांना कळवलं जातं, हेही तिला आधी माहीत असू द्या.

आता गावातल्या बैठकीबद्दल. आईवडील "सांभाळून घे" म्हणताहेत म्हणजे उद्या कुणीतरी चार माणसं बसवा म्हणेल. सरपंच, पोलीस पाटील, तंटामुक्ती समितीचे कुणी, दोन्हीकडचे मामा. मी बैठकींच्या सरसकट विरोधात नाही, चांगली माणसंही असतात. पण बहुतेक ठिकाणी चर्चा होते ती तिने स्वयंपाक वेळेवर करण्यावर, माहेरी फोन कमी करण्यावर, आणि शेवटी स्टॅम्प पेपरवर दोघांची सही घेऊन तिला नांदायला पाठवतात. तो कागद मोडला तर पुढे काय, याचं उत्तर त्या कागदात नसतं. न्यायालयाच्या हुकुमात ते असतं. समुपदेशनालासुद्धा नियम आहेत: न्यायालयाने पाठवलेल्या समुपदेशनात नवऱ्याला आपण केलेल्या हिंसेचं समर्थन करता येत नाही, "तिने उलट उत्तर दिलं म्हणून" हा मुद्दा तिथे घेतलाच जात नाही. बैठक होणारच असेल तर आधी डीआयआर करून मग बसा, आणि संरक्षण अधिकाऱ्याला किंवा समुपदेशकाला तिथे हजर राहायची विनंती करा. तेवढ्याने बोलण्याचा सूर बदलतो.

ताई अर्जाला तयार झाली तर वकिलाचा खर्च तिला लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समिती असते, राष्ट्रीय क्रमांक 15100. वकिलांना एक गोष्ट आवर्जून सांगायची: मुख्य अर्जाबरोबर अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या हुकुमाचा, अर्जही टाका. कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणं याच्या कितीतरी पुढे जातात. म्हणून अंतरिम आदेश. धोका मोठा असेल तर दाजींचं म्हणणं यायच्या आधीसुद्धा, ताईच्या प्रतिज्ञापत्रावर, मारहाणीला मनाई आणि घरातून न काढण्याचा हुकूम मिळू शकतो. गळा दाबल्याचा उल्लेख, तारीख आणि असतील ते कागद इथे उपयोगी पडतात.

"घर सासऱ्याच्या नावावर आहे, तुझा काय हक्क" हे वाक्य तिला ऐकवलं जाईल. मालकी कुणाचीही असो, ती ज्या घरात संसार करत आली तिथे राहण्याचा हक्क हा कायदा देतो. सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही यात येऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. हा हक्क बिनशर्त नाही, म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांची बाजूही न्यायालय पाहतं, कधी दुसरीकडे राहायची सोय करून द्यायला सांगतं. पण रातोरात सामान बाहेर फेकता येत नाही.

खर्चाचा प्रश्न निघाला की दाजी म्हणतील, मला उत्पन्नच नाही. दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तुम्ही तोवर सातबारा काढून ठेवा, तो ऑनलाइन कुणालाही मिळतो. उसाचं बिल, दूध संघाची पावती, ट्रॅक्टरच्या हप्त्याचा कागद, ताईला सहज फोटो काढता आला तर काढू द्या. जोखीम घेऊन नाही.

पोलिसांत जायचं की नाही हे ताईने ठरवायचं. वाट मात्र माहीत असावी. नवऱ्याकडून किंवा सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचं पूर्वीचं कलम 498 अ आता भारतीय न्याय संहितेत कलम 85 आहे, 1 जुलै 2024 पासून. ती तुमच्याकडे पिंपरीला आली तर तिथल्या ठाण्यातही तक्रार देता येते. माहेरी किंवा आसऱ्याच्या ठिकाणी तक्रार चालते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं आहे, आणि झिरो एफआयआरची, म्हणजे हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवण्याची, सोय आहेच. संरक्षणाचा अर्जही ती तात्पुरती राहते तिथल्या न्यायालयात चालतो, दर तारखेला सोलापूरच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. ठाण्यात फक्त एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेतली, तरी तिचा नंबर आणि प्रत घ्या. एका वर्षात तीन एनसी झाल्या असतील तर न्यायालयासमोर तोही पुरावाच असतो.

ती मुलांना घेऊन निघाली तर शाळेची भीती घालतात, दाखला देणार नाही म्हणून. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला यायला उशीर झाला तरी नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. मुलं अडवून ठेवली तर त्याच अर्जात तात्पुरत्या ताब्याची मागणी करता येते. जमेल तर दोघांना घेऊनच निघावं. "आधी मी येते, मग मुलांना आणू" यात फार बायका अडकतात.

निघायचं नसेल तरी तयारी आतापासून. आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, लग्नपत्रिका आणि लग्नाचे फोटो, दागिन्यांच्या पावत्या किंवा दागिने घातलेले फोटो, केस पेपर. मूळ कागद हलवले तर घरात लक्षात येतं, म्हणून मोबाइलने फोटो काढून तुम्हाला पाठवायचे आणि तिच्या फोनवरून पुसायचे. आधारला कुणाचा मोबाइल नंबर जोडला आहे ते नक्की पाहा. दाजींचा असेल तर प्रत्येक ओटीपी त्यांच्याकडे जाईल. लाडकी बहीणचे पैसे तिच्या खात्यात येत असतील, पण एटीएम कार्ड कुणाच्या खिशात आहे? तिच्या एकटीच्या नावाने, तिच्या नंबरवर खातं असणं ही पहिली सुटका. फोन दाजी तपासत असतील तर व्हॉट्सॲपवर दुसरं उपकरण जोडलेलं आहे का, लोकेशन कुणाला दिसतं का, ते बघा, आणि हे असले फोन अंगणवाडी सेविकेच्या किंवा आशाताईच्या मोबाइलवरून करा. मुलगा अंगणवाडीत आहे, म्हणजे तिला तिथे रोज जायला कुणाला सबब सांगावी लागत नाही.

आता तुमच्याबद्दल. गावी जाऊन दाजींना हात लावू नका. तुम्ही संध्याकाळच्या गाडीने परत जाल, रात्री ती तिथेच असेल. "तू अजून तिथे का राहतेस" हा प्रश्नही नको. निघण्याचा काळ हाच सर्वांत धोक्याचा असतो, आणि ती ते तुमच्यापेक्षा चांगलं जाणते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम 14 टक्क्यांनी कुणाकडे मदत मागितली होती. ताईने तुम्हाला सांगितलं, म्हणजे ती त्या थोड्यांतली एक आहे. तिने चार वेळा ठरवून चार वेळा माघार घेतली तरी पाचव्यांदा तुमचा फोन लागला पाहिजे. आईवडिलांशी मात्र तुम्ही बोला, स्पष्ट बोला: ती आली तर घराचं दार उघडं आहे, एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून तिला ऐकू आलं पाहिजे. पैशांची मदत करणं शक्य असेल तर दाजींच्या हातात न देता करा.

असाच प्रश्न परदेशातून विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेत असाल तर "तक्रार केलीस तर परत पाठवतील" ही धमकी खरी मानून गप्प बसू नका. जोडीदाराच्या हिंसेने पीडित स्त्रियांसाठी तिथल्या स्थलांतर कायद्यात वेगळ्या तरतुदी आहेत. न्यू जर्सीची मानवी ही संस्था 1985 पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीच काम करते, कॅलिफोर्नियातल्या बे एरियात 'मैत्री' नावाची संस्था आहे. ब्रिटनमध्ये 0808 2000 247, ऑस्ट्रेलियात 1800 737 732, अमेरिकेत 1-800-799-7233 या राष्ट्रीय हेल्पलाइन आहेत, आणि दुभाषा मागता येतो. आणि मार खाणारी आई असेल, छळणारा मुलगा, तर 2005 चा कायदा आईलाही लागू आहे. शिवाय 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, माहितीसाठी 14567.

पुन्हा ताईकडे. संरक्षणाचा हुकूम मिळाला की काम अर्धं झालं. हुकुमाची प्रत न्यायालयाकडून विनामूल्य मिळते. एक तिच्याकडे, एक तुमच्याकडे, आणि एक त्यांच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात पोहोचली आहे का ते स्वतः जाऊन खात्री करा, पोच घ्या. त्यानंतर दाजींनी हात उचलला तर तो हुकूम मोडण्याचा वेगळा गुन्हा होतो: एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, दखलपात्र आणि अजामीनपात्र. त्या रात्री 112 वर फोन करताना "नवरा मारतोय" एवढंच सांगू नका, "न्यायालयाचा संरक्षण आदेश आहे आणि तो मोडला जातोय" असं सांगा, प्रकरण क्रमांकासह. तो क्रमांक मुलीच्या दप्तरातल्या एखाद्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.